शून्य आणि एकच्या मध्ये

माझ्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मोठा करणारं खोकं, म्हणजे अॅम्प, जुनं आहे; त्याच्या व्हॉल्यूमच्या बटणाभोवती शून्यापासून दहापर्यंत आकडे छापलेले आहेत. त्यातल्या शून्य आणि एक यांच्यामध्ये करंगळीच्या नखाएवढी जागा आहे. वीस वर्षं मी तेवढ्याच जागेत संसार केला.

बटण शून्यावर असलं की काहीच नाही. हळूच फिरवायला लागलं की आधी खर्र होतं, कारण आत धूळ बसलीय. मग थोडा वेळ पुन्हा काही नाही. आणि मग केसभर पुढे गेलं की बंद दारामागून कुणीतरी एकदम हाक मारावी तशी गिटार अंगावर येते. मागे घ्यावं तर पुन्हा सामसूम. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी एक बिंदू आहे, जिथे आवाज येतो पण घर दचकत नाही. तो सापडला की मी पत्त्यांच्या बंगल्यावर शेवटचं पान ठेवल्यासारखा हात अलगद काढून घ्यायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधायचा.

अॅम्प साठ वॅटचा. बारा इंची स्पीकर, कोपऱ्यांना पत्र्याच्या टोप्या, उचलताना कमरेची आठवण करून देणारं वजन. २००४ साली पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या पगारातून वाशीच्या एका मुलाकडून वापरलेला घेतला. तेव्हा आमचा चौघांचा बँड होता, म्हणजे आम्ही चौघंच त्याला बँड म्हणायचो. मित्राच्या बंगल्यातल्या गॅरेजमध्ये दर रविवारी सराव चालायचा. तो एक पावसाळा टिकला. ड्रमवाला पुण्याला गेला, गाणारा बँकेत लागला, आणि मी अॅम्प रिक्षात घालून नेरूळला आणला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. वर आणला तो आणलाच.

खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. स्वभावाने इतक्या मऊ की तक्रारसुद्धा वाटीतून येते. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी एका रात्री मी जरा रंगात आलो होतो, डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडायची करामत, लावलेलं होतं, आणि तो बिंदू थोडा चुकला. दुसऱ्या दिवशी काकू शंकरपाळ्यांची वाटी घेऊन आल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर दारात थांबून म्हणाल्या, "काल रात्री इडलीचं वाटत होता का हो? मिक्सर बराच वेळ चालू होता."

माझ्या वादनावर आजवर झालेली ही एकमेव लेखी-तोंडी समीक्षा. बायको आजही इडलीचं पीठ वाटताना माझ्याकडे बघून हसते.

---

तरीही अॅम्प बदलायचं मनात आलं नव्हतं. आलं ते बाबा राहायला आल्यावर. आई गेल्यानंतर वर्षभर ते महाडला एकटे होते, मग आम्ही त्यांना घेऊनच आलो. बाबांनी गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज वाजवला. डाव्या बाजूला ओली कणीक किती थापायची यावरून त्यांनी माणसं दुखावलेली आहेत. आता दोन्ही कानांना कमी ऐकू येतं. वाशीला कान तपासून घेतले, मशीन लागलं.

पहिले पंधरा दिवस त्या मशीनने घरात जे केलं ते मी विसरणार नाही. ओट्यावर ठेवलेलं ताट त्यांना बंदुकीसारखं ऐकू यायचं. कुकरच्या शिट्टीला ते कानावर हात ठेवायचे, आणि हात मशीनजवळ आला की मशीनच शिट्टी मारायचं. समोर बसून मी बोललेलं मात्र कळायचं नाही. मग मी आवाज चढवायचो. एकदा ते चिडून म्हणाले, "ओरडू नकोस रे. नीट बोल."

तेव्हा मला कळलं की गेली वीस वर्षं माझी गिटारही हेच करत होती.

कानातलं मशीन आणि गिटारचा अॅम्प ही तशी सख्खी भावंडं. एकीकडे बारीकसा संकेत आत येतो, तो मोठा होतो, दुसरीकडे स्पीकरमधून बाहेर पडतो. बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत शिरला की शिट्टी वाजते. बाबांच्या कानातली ती शिट्टी आणि रॉकवाले अॅम्पसमोर गिटार धरून मुद्दाम काढतात ती, दोन्हींचं कूळ एकच. आणि दोन्हीकडे खरी अडचण मोठं करण्याची नाहीच. मोठं कुणीही करतं. बाबांच्या मशीनच्या तीन-चार सेटिंग झाल्या, त्यात आवाज फारसा वाढवलाच नाही. आवाजाचा कुठला पट्टा वर घ्यायचा, कुठला खाली, एवढंच तिथली मशीन लावून देणारी मुलगी करत राहिली. तिसऱ्या खेपेला बाबा रिक्षात बसल्यावर म्हणाले, "मीटर टिकटिकतोय." कुठून टिकटिकतोय हे पाहायला मीही वाकलो.

तर आता घरात एक नवा नियम आला, कुणी न सांगता. मी संध्याकाळी वाजवत असलो तरी मला बाबांची हाक ऐकू आली पाहिजे. ते रात्री उठतात, अंधारात चप्पल शोधतात, हाक मारतात. म्हणून हेडफोन बाद. पुष्कळ जण सांगतात की हेडफोनवर वाजवा, प्रश्न मिटला. एकट्याने राहणाऱ्याचा मिटतो. माझ्या घरात हेडफोन लावून बसलेला माणूस म्हणजे बाहेरगावी गेलेला माणूस.

---

इलेक्ट्रिक गिटार अॅम्पशिवाय वाजवून बघा. तारा वाजतात, पण डासाने गुणगुणावं तेवढ्याच. लाकूड भरीव असतं, घुमायला पोकळी नाही. आवाज खरा तयार होतो तो तारांखालच्या पिकअपमध्ये. चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे घेऊन गुंडाळलेली असते. वर लोखंडी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये किंचितसा विद्युतदाब उमटतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेली गोष्ट, बस्स. हा संकेत इतका नाजूक असतो की पुढचं यंत्र त्याच्यावर भार टाकणारं असेल तर तो तिथेच गुदमरतो. गिटारच्या अॅम्पचं तोंड साधारण दहा लाख ओहमचं असतं, म्हणजे ते गिटारकडून जवळजवळ काहीच मागत नाही.

हे मला माहीत असूनही मी आधी काटकसर करून पाहिली. घरात टीव्हीला लावलेला होम थिएटर संच होता. त्याच्या तोंडात कन्व्हर्टर खुपसून गिटार जोडली. साधा आवाज घोंगडी पांघरून आल्यासारखा आला. मधे डिस्टॉर्शनचा पेडल लावला, तर पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी. मुलगी खोलीतून बाहेर आली आणि काही न बोलता परत गेली, दार लावून.

याचं कारण गमतीचं आहे. गिटारच्या अॅम्पमधला स्पीकर जन्मतःच अर्धा बहिरा असतो. पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचं त्याला फारसं बोलताच येत नाही. डिस्टॉर्शन म्हणजे आवाजाच्या लाटेचे माथे छाटणं. माथे छाटले की वरच्या पट्टीत काचेचे तुकडे उडाल्यासारखे नवे स्वर तयार होतात. गिटारचा स्पीकर ते तुकडे गाळून टाकतो. होम थिएटर प्रामाणिक, ते सगळं ऐकवतं. प्रामाणिकपणा दर वेळी उपयोगाचा नसतो.

---

आता वॅटचं प्रकरण. अॅम्प घ्यायला निघालेला प्रत्येक जण आधी वॅट विचारतो, मीही विचारला होता. त्या आकड्याने मला जितकं फसवलं तितकं दुसऱ्या कुठल्याच आकड्याने नाही.

आमच्या गच्चीवरून डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिवे दिसतात. २०१९ च्या डिसेंबरात यू-टू हा रॉक बँड आला होता, त्या रविवारी निम्मी सोसायटी गच्चीवर होती. तिकीट आमच्यातल्या कुणाकडेच नव्हतं. हवेवर बसून जे आलं त्यात गिटार नव्हतीच. लांबचा ढोल ऐकू यावा तसा ठोका आणि मधूनच लोकांची लाट. वरच्या पट्टीचे सूर हवा वाटेतच खाते, खालचे तेवढे पोचतात. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्लेच्या तीन रात्रीही तशाच गेल्या, फक्त या वेळी गच्चीवर शेव-कुरमुरे होते.

पण त्या यू-टूच्या गिटारवादकाचा, एजचा, लाडका अॅम्प माहीत आहे? वॉक्सचा एसी-३०. तीस वॅट. नावातच लिहिलंय. माझ्या बेडरूममधल्या खोक्याच्या निम्मे. एवढं मोठं मैदान काही तो अॅम्प भरत नाही, त्याच्यासमोर ठेवलेला मायक्रोफोन आणि पुढची भलीमोठी ध्वनियंत्रणा भरते. अॅम्पचं काम फक्त नीट बोलायचं.

आणि उलटा हिशेब तर आणखी लाजवणारा. ताकद दहापट केली तर दहा डेसिबल वाढतात, आणि कानाला तो आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. म्हणजे साठ वॅटचा अॅम्प सहा वॅटच्या दुप्पटच मोठा. बरं, बारा इंची चांगल्या गिटार स्पीकरला एक वॅट दिला तर मीटरभर अंतरावर शंभरच्या आसपास डेसिबल होतात. घरात मला हवेत फार तर सत्तर. तीस डेसिबल कमी, म्हणजे हजारपट कमी ताकद. एका वॅटचा हजारावा भाग! मी साठ वॅटच्या यंत्राकडून एक मिलिवॅट मागत होतो, निरांजन लावायला मशाल हातात घेतल्यासारखा, आणि वर मशालीला दोष देत होतो.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल म्हणतात. आमच्या गल्लीत भाजीवाल्याचा रेकॉर्ड केलेला भोंगा सकाळी सव्वानऊला या नियमाची वाट लावतो. गणपतीतलं तर बोलूच नये. पण काकूंच्या छतावर मीच आहे, त्यामुळे भाजीवाल्याकडे बोट दाखवून भागत नाही.

---

खरेदीला निघालो तो रविवारी, आणि हार्बरचा मेगाब्लॉक असतो हे विसरलो. परत आलो. पुढच्या शनिवारी पाठीवर गिटारची बॅग अडकवून नेरूळहून सीएसएमटीची गाडी पकडली. स्वतःची गिटार न्यावी हे माझं ठाम मत. दुकानातल्या महागड्या गिटारवर कुठलाही अॅम्प चांगलाच वाजतो. मानखुर्दला एका गृहस्थाने विचारलं, "क्रिकेटचं किट का?" गिटार म्हटल्यावर माझ्या केसांकडे, म्हणजे ते जिथे असायचे तिथे, बघून गप्प झाले.

धोबी तलावला जेर महालात फुर्टाडोज आहे, १८६५ पासूनचं. मुंबईत पियानोपासून पिकपर्यंत काही घ्यायचं तर पावलं आपोआप तिकडे वळतात. त्या दिवशी आणि नंतरच्या दोन शनिवारी मी अशी चार-पाच दुकानं पालथी घातली. दुकानाची अडचण एकच: तिथे सगळं मोठ्याने वाजतं. एका ठिकाणी विक्रेत्या मुलाने बटण पाचवर नेऊन असा काही तुकडा वाजवला की मला गिटार सोडून द्यावीशी वाटली. मी म्हटलं, "एकदम हळू करून दाखवा." त्याने तीनवर आणलं. "अजून." दोन. "अजून." साडीच्या दुकानात गिऱ्हाइकाने 'यातली सगळ्यात फिकट दाखवा' म्हटल्यावर माणूस बघेल तसा तो बघायला लागला.

माझी परीक्षा अशी होती: गिटार वाजवत असताना समोरच्याशी साध्या आवाजात बोलता आलं पाहिजे, आणि तेवढ्या हळू आवाजातही गिटार गिटारसारखी लागली पाहिजे. बहुतेक अॅम्प पहिल्या प्रश्नात पास आणि दुसऱ्यात नापास. यात सगळा दोष त्यांचाही नाही. आपला कानच हळू आवाजात खर्ज आणि अगदी तीव्र सूर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेखच काढले. म्हणून दुकानात भरदार वाटलेला अॅम्प घरी आणून हळू केला की आजारातून उठल्यासारखा दिसतो, आणि लोक म्हणतात फसवलं. थोडा बास वाढवावा, खोकं भिंतीला जरा लगटून ठेवावं, तोंड गुडघ्यांकडे न करता कानांकडे करावं. निम्मं दुखणं जातं.

आणखी एक गोष्ट त्या हेलपाट्यांत पक्की झाली. गेन आणि व्हॉल्यूम ही दोन बटणं वेगळी असायलाच हवीत, आणि शक्य तर तिसरंही. गेन म्हणजे आवाज किती फाटावा, आमटीतलं तिखट; व्हॉल्यूम म्हणजे वाटीत किती वाढली. माझ्या मशालीवर तिखट हवं तर पातेलंभर घ्यावी लागायची.

जे पाहिलं त्याबद्दल थोडं सांगतो, फार नाही. वॉक्सचा अॅमप्लग काडेपेटीपेक्षा जरासा मोठा, थेट गिटारच्या तोंडात बसतो, दोन बारीक सेल; वस्तू गोड, पण हेडफोनची. ब्लॅकस्टारचा फ्लाय तीन वॅट, तीन इंची स्पीकर, सहा पेन्सिल सेल, सहलीला न्यावा. बॉसचा कटाना मिनी सात वॅट, चार इंची. याच्यावर मी अर्धा तास रेंगाळलो, क्रंच, म्हणजे किंचित फाटलेला आवाज, फार सुरेख. फेंडरचा दहा वॅटचा फ्रंटमन साधासुधा, सहा इंची स्पीकर, नवशिक्या भाच्याला घेऊन द्यायचा तर हाच देईन, कारण फिरवत बसायला बटणंच कमी. आणि जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हवाले पाच वॅटचे. त्यांच्यावर माझा जीव आहे, पण त्यांची खरी गोडी व्हॉल्व्ह तापून आवाज फुटायला लागला की येते, आणि पाच वॅट तिथवर पोचेपर्यंत काकू शंकरपाळे नाही, सोसायटीचे सेक्रेटरी घेऊन येतील. पाच आणि शंभर वॅटमध्ये अंतर अवघं तेरा डेसिबलचं आहे हे 'घरासाठी छोटा व्हॉल्व्ह' म्हणणारे विसरतात.

यातले दोन मी मित्रांकडून आठवड्यासाठी मागून घरी आणले. दुकानात कळत नाही ते घरात कळतं. बाबा हॉलमध्ये चहा पीत बसायचे, मी जेवणाच्या टेबलावर खोकं ठेवून वाजवायचो. तीन इंचीवर त्यांचा निकाल एका घोटात आला: "याला घुमारा नाही." दुसऱ्या दिवशी दुसरा. "हा बरा. पण डब्यातनं बोलतोय." बाबांना इलेक्ट्रिक गिटार आवडते असं मी म्हणणार नाही. पण कणीक किती थापावी हे ज्याला कळतं त्याला घुमारा कळतो, वाद्य कुठलं का असेना.

---

शेवटी घेतला तो यामाहाचा टीएचआर-१०, पहिल्या पिढीतला, खारघरच्या एका माणसाकडून वापरलेला. त्याला नवीन मॉडेल घ्यायचं होतं. जुन्या रेडिओसारखा आडवा, वर मूठ, दोन छोटे स्पीकर, प्रत्येकी आठ सेंटिमीटर. दहा वॅट म्हणे, पाच अधिक पाच. कागदावर हे माझ्याच तत्त्वांना धरून नाही, एवढ्या स्पीकरला घुमारा कुठून येणार? पण हा आधीच घरातला म्हणून घडवलेला आहे. आत संगणकी करामत आहे, हळू आवाजातही अंग भरलेलं ठेवते. दहा हजारांच्या खालचे अॅम्प पाहून आलेल्या माणसाला याची नवी किंमत जड जाते हे कबूल. मलाही जड गेली असती.

मला त्याचं आवडलं ते एक बटण. गेन आहे, मास्टर आहे, आणि शिवाय निव्वळ गिटारचा व्हॉल्यूम वेगळा आहे. सूर हवा तसा लावून घ्यायचा आणि मग सगळाच्या सगळा खाली न्यायचा. तिखट तेच, वाटी लहान. पहिल्या रात्री मी ते बटण शून्यापासून फिरवत गेलो. खर्र नाही, उडी नाही. जमिनीतून पाणी झिरपावं तसा आवाज वर आला. माझ्या बोटांना सवयच नव्हती, ती केसभर फिरवून थांबली. अजून फिरवलं. अजून. अर्धं बटण फिरवलं तरी मला बाबांच्या खोलीतल्या घड्याळाची टकटक ऐकू येत होती.

चालू केला की जाळीमागे नारिंगी उजेड दिसतो. जुन्या व्हॉल्व्हच्या उजेडाची नक्कल आहे, खरा नाही. बाबांनी वाकून पाहिलं, "आत समई लावलीय का?"

दोन कुरबुरी राहिल्या. एक गुणगुण. जुन्या अॅम्पमध्येही होती, मला वाटायचं तो म्हातारा झालाय. मागे गिझर दुरुस्त करायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने सहज बेडरूममधला तीन पिनांचा सॉकेट उघडला, तर अर्थिंगची वायर मागे जोडलेलीच नव्हती. तीन भोकं, एक नुसतं शोभेला. गिटारच्या तारांना हात लावला की गुणगुण कमी व्हायची, सोडला की वाढायची. हे मी वर्षानुवर्षं गंमत म्हणून लोकांना दाखवत होतो. तारा ब्रिजमधून, म्हणजे त्या जिथे टेकतात त्या पट्टीतून, अॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, त्यांना हात लावला की माझ्या अंगाने गोळा केलेली खुडबुडही तिकडेच जाते, म्हणून ते व्हायचं. ज्या घरात हे होतं त्यांनी गंमत दाखवणं थांबवून आधी सॉकेट तपासून घ्यावा. अॅम्पमध्ये काही बिघडलं तर त्याच तारा हातात असतात. उरलेली गुणगुण माझ्या गिटारच्या सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या, पिकअपची, घरातल्या पन्नास हर्ट्झ विजेची. तिच्यावर उतारा म्हणून गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचा पिकअप, काढला. मी गिटार बदलणार नव्हतो. खुर्ची तिरकी केली, खिडकीकडे तोंड केलं, गुणगुण निम्म्यावर आली. तेव्हापासून आमच्या बेडरूममधली खुर्ची कुठल्याही फर्निचरशी काटकोन न करता उभी असते. पाहुणे सरळ करून जातात, मी पुन्हा तिरकी करतो.

दुसरी कुरबूर काकूंची. नव्या अॅम्पला महिना झाला होता, मी स्वतःवर खूश होतो. जिन्यात भेटल्या. "मिक्सर बंद झाला हो तुमचा," म्हणाल्या. मी हसलो. "पण ते ठक-ठक काय असतं? रात्री साडेनऊच्या सुमाराला?"

माझा पाय. ताल धरायला मी टाच आपटतो आणि मला ते माहीतच नव्हतं. हवेतून जाणारा आवाज भिंत थोडा तरी अडवते; स्लॅबवर आपटलेली टाच थेट खालच्या छतातून बोलते. वीस वर्षं मिक्सरच्या आड ती लपून राहिली होती. आता पायाखाली चौपदरी गोधडी असते. बाबांचं म्हणणं असं की ठेका हाताला नीट माहीत असेल तर पाय लागतच नाही. यावर मी वाद घालत नाही.

अॅम्पला फोन जोडायचं एक भोक आहे. मी ते गाण्यांबरोबर वाजवायला म्हणून पाहिलं होतं. आता सकाळी सहा ते आठ त्याच्यावर बाबांचा हक्क आहे. वसंतरावांचं नाट्यगीत लावतात, बासचं बटण स्वतः फिरवतात, तबल्याचा डग्गा पटेल इतका घुमारा आला की चहाचा कप वर ठेवतात. कपाच्या बुडाचं गोल वर्तुळ माझ्या अॅम्पवर उमटलंय. संध्याकाळी मी गिटार जोडतो तेव्हा बास तिथेच असतो, बाबांनी ठेवलेला. बरा असतो.

---

साठ वॅटवाला चार महिने गॅलरीत होता. त्याच्यावर बायकोने कढीपत्त्याची कुंडी ठेवली होती. मग एका मुलाचा फोन आला, बेलापूरचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. स्कूटरवर मित्राला घेऊन आला. त्यांचा पाच जणांचा बँड आहे आणि सरावाला एक जागा मिळालीय, कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये. मी कुंडी उचलली, धूळ पुसली, गिटार जोडून दिली. त्याने दोन सूर वाजवले. चांगला हात होता.

"काका, फुल केला तर किती जातो?"

मी त्याला खरं ते सांगितलं, की इथे नेरूळला मी कधी दोनच्या वर नेलेला नाही. त्याला ते फारसं कळलं नाही. किंमत ठरली, त्याने मागितली तेवढी सूट मी दिली. दोघांनी तो जिन्यातून खाली नेला, प्रत्येक वळणावर "सांभाळ, सांभाळ" करत, अगदी आम्ही चढवला होता तसा. स्कूटरवर दोघांच्या मध्ये तो उभा राहिला. माझ्या मनात राहिलं होतं म्हणून मी गेटपर्यंत गेलो.

"एक दोष आहे त्याच्यात, सांगायचा राहिला," मी म्हटलं. "व्हॉल्यूम शून्य ते एकच्या मध्ये खरखरतो. जपून फिरवावं लागतं."

त्याने किक मारली.

"तिथे कोण वाजवतंय, काका?"